कपाळावरची नऊ तारीख

मित्रांनो, जरा लांबच बसा. मी एक जुना शिक्का आहे, टपाल कचेरीतला तारखेचा शिक्का, आणि मारण्याशिवाय मला दुसरे काही येत नाही.

माझा जन्मही मारामारीतच झाला. मला भट्टीत लाल केले, ऐरणीवर घातले आणि घणाने चेचले. मग एका कारागिराने माझ्या तोंडावर छिन्नी चालवून गोल रिंगण आणि कचेरीचे नाव कोरले, तेही उलटे, म्हणजे कागदावर सुलटे उमटावे. तोंडाच्या मधोमध एक खाच ठेवली. तारखेचे सुटे इंग्रजी आकडे त्या खाचेत रोज सकाळी चिमट्याने बसवायचे असतात. शेवटी पाठीत लाकडी मूठ ठोकली. मी हूं की चूं केले नाही. मनात म्हटले, आता माझी पाळी येऊ दे.

आणि ती आली! आमच्या पोस्टमास्तरांच्या हातून शाईच्या गादीवर एक आपटी, पाकिटावर दुसरी. धप्प, धप्प, धप्प! लग्नाच्या आमंत्रणाला मी मारले, नोकरीच्या हुकमाला मारले, मयताच्या बातमीलाही मारले. कोणाचीही गय केली नाही. मेज हादरायचे, कपातला चहा सांडायचा. खेड्यापाड्यांत फिरणारे टपालवाले सकाळी थैल्या भरायला येत, तेव्हा माझा आवाज ऐकून म्हणत, "आज मास्तरांचं घरी भांडण झालेलं दिसतंय." मला ही शाबासकी वाटायची.

माझ्या आकड्यांत एक चावट होता. सुलटा बसवला की सहा, उलटा बसवला की नऊ. म्हणून आकडे बसवल्यावर पहिला ठोसा रद्दी कागदावर मारून बघायचा, असा रिवाज होता. त्यावरून आमच्या कचेरीत एक म्हणच पडली होती. कोणी चहात साखरेऐवजी मीठ टाकले, कोणी डाव्या पायाचा बूट उजव्यात घातला, की सगळे एका सुरात म्हणायचे, "झालं का सहा-नऊ!"

या टपालवाल्यांत एक होता हाडक्या. अंगावर मांस म्हणून नव्हते. त्याची फेरी सगळ्यांत लांबची, आडरानातल्या वस्त्यांची. सायकल स्वतःची, पंक्चर स्वतःच्या खिशातून, आणि ज्या दिवशी फेरी नाही त्या दिवशी पगार नाही. घरी बायको आणि दोन लेकी. "सगळ्या कुत्र्यांचा माझ्यावर जीव," तो हसत सांगायचा. "हाडूक दिसलं की धावत येतात."

एके दिवशी ती धावत आलीच. तीन कुत्री होती. एकाने पोटरी धरली, दुसऱ्याने मनगट, तिसऱ्याने थैली. हाडक्याने सायकलच्या पंपाने एकाचे डोके फोडले, तेव्हा कुठे सुटका झाली. तो कचेरीत आला तो लंगडत, विजारीची लक्तरे झालेली, बुटातून रक्त पचपचत होते. पण थैली त्याने सोडली नव्हती. परत आलेली पाकिटे त्याने मेजावर ठेवली. त्यांच्यावर लाल बोटे उमटली होती.

मास्तर पाकिटांकडे बघत राहिले. हाडक्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. मास्तर म्हणजे टापटिपीचा मोठा माणूस. "उद्या येणार आहेस का?" त्यांनी विचारले.

"मास्तर, पाय टेकत नाही हो."

"मग मी बदली माणूस घेतो. आणि घेतला की घेतला. फेरी त्याची. नियम तुला माहीत आहे."

नियम सगळ्यांनाच माहीत होता. खेड्यांतल्या टपालवाल्याला कामावर इजा झाली, तो घरी बसला, की त्याची फेरी दुसऱ्याची व्हायची. हाडक्याचे तोंड पांढरेफटक पडले. रक्त गेल्यामुळे पडले नव्हते, हे मेजावर बसून मलाही कळत होते.

तेव्हा माई उठली. माई आमच्याकडची सर्वांत जुनी टपालवाली, युनियनची पुढारी, आवाज असा की कौले उडावीत. तिने आपली भरलेली थैली दाराच्या उंबऱ्यावर आपटली. "हाडक्याची फेरी हाडक्याचीच राहील. असं कागदावर येत नाही तोवर एकही थैली उचलायची नाही." एकामागून एक थैल्या उंबऱ्यावर पडल्या. संप सुरू झाला.

सहा तारखेला सकाळी मास्तर एकटेच मेजाशी बसले. बाहेर घोषणा चालल्या होत्या. मास्तर रागाने धुमसत होते. चिमट्याने आकडा कसाबसा खाचेत कोंबला, रद्दीवर मारून बघितलाही नाही, आणि पाकिटांच्या ढिगावर मला बदडू लागले. इतके जोरात की माझी मूठ तडकली.

तेवढ्यात मास्तरांनी बोलावलेली भाड्याची माणसे आली. हातांत लोखंडी गज. उंबऱ्यावर बसलेल्यांना त्यांनी सांगून उठवले नाही, सरळ मारायलाच सुरुवात केली. एकाचे मनगट कडकन मोडले. दुसऱ्याच्या तोंडातून दात गळून पायरीवर पडले. माईचे केस धरून तिला फरफटत नेऊ लागले, तर तिने त्या माणसाच्या हाताला असा चावा घेतला की तो गुरासारखा ओरडला. टपालवालेही काही देव नव्हते. थैल्यांचे पट्टे गरागरा फिरले, पितळी कड्या गालफडांवर बसल्या. पायरीवर रक्त, शाई आणि फाटकी पाकिटे यांचा चिखल झाला.

या धुमश्चक्रीत हाडक्या लंगडत आत शिरला. हात जोडून म्हणाला, "मास्तर, थांबवा हे. मरेल कोणीतरी."

मास्तर उठले. मी त्यांच्या मुठीत होतो, शाईने ओला. मला वर नेले आणि हाडक्याच्या कपाळावर हाणले.

मित्रांनो, मी हजारो ठोसे मारले, पण कागदाखाली मेज असते. इथे कातडीखाली हाड होते. ते मला लागले. हाडक्या उभाच्या उभा कोसळला. शाई जखमेत शिरली आणि त्याच्या कपाळावर माझे गोल रिंगण उमटले, नावासकट, तारखेसकट. मला रडता येत नाही, नाहीतर तेव्हा मी रडलो असतो.

हाडक्या पडलेला बघून भाड्याची माणसे पळाली. मास्तरांनी मला घासलेटात बुडवून खसाखसा धुतले आणि कचेरीला कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी वरचे साहेब चौकशीला आले. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला डोक्याला फडके गुंडाळलेला हाडक्या आणि त्याला धरून माई. अपराध मास्तरांचा ठरला नाही, तर हाडक्याची फेरी जाणार होतीच, वर हल्ला केला म्हणून तुरुंगही होता. मास्तर शांतपणे म्हणाले, "हे लोक घुसले. हा पायरीवर पडला. शिक्क्याला मी काल हातही लावला नाही."

माईने फडके सोडले. साहेब वाकून बघू लागले. मास्तरही वाकले, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "साहेब, तारीख वाचा! नऊ! काल सहा होती. नऊ तारीख अजून उजाडायची आहे. यानं कुठूनतरी खोटा शिक्का मारून घेतलाय."

साहेब बुचकळ्यात पडले. हाडक्याच्या बायकोने दारातच हंबरडा फोडला. पण एका कोपऱ्यातून हळूच आवाज आला, "झालं का सहा-नऊ!"

माईने मला मेजावरून उचलले आणि साहेबांच्या नाकासमोर उताणे धरले. मास्तरांनी माझे तोंड धुतले होते, पण तोंडाकडे पाहिले नव्हते. खाचेत सहाचा आकडा पाय वर करून बसला होता. साहेबांनी मला रद्दी कागदावर मारले. तेच रिंगण, तीच नऊ तारीख. मास्तर मटकन खुर्चीत बसले. मान खाली, टक्कल वर.

साहेबांनी मला हाडक्याच्या हातात दिले. "हाच का तो शिक्का?"

हाडक्याने मूठ आवळली. समोर ते चकचकीत टक्कल होते. खरे सांगतो, माझ्या अंगात शिवशिवू लागले. मार, मी मनात ओरडत होतो, हाण एकदा! हाडक्याने मला वर उचलले. मग डोळ्यांजवळ धरून नखाने तो उलटा आकडा काढला, आकड्यांच्या डबीतून सात शोधून खाचेत बसवला आणि रद्दीवर मारून बघितला.

"अरे, पुरावा होता तो!" माई किंचाळली.

"साहेबांनी बघितला की," हाडक्या म्हणाला. "आज सात आहे. टपाल पडून राहिलंय."

माईने मात्र थैलीला हात लावू दिला नाही. साहेबांनी कागदावर लिहून दिले, की कामावर जखमी झालेल्याची फेरी त्याचीच राहील आणि पगारही सुरू राहील. त्या कागदावर मी हलकेच बसलो. तेवढा हलका मी जन्मात बसलो नव्हतो.

आता कचेरीत यंत्र आले आहे. मी तडकलेल्या मुठीने युनियनच्या खोलीत खिळ्याला लटकतो, माझ्यावर कोळी जाळी विणतात. हाडक्याची जखम भरली, पण शाई आतच राहिली.

तेव्हा मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. एवढेच करा. तुमच्या दारात टपालवाला दिसला की आधी कुत्रे बांधा. तो लंगडत आला तर त्याला पाणी विचारा. आणि त्याच्या कपाळावर निळे रिंगण दिसले, तर त्याला ते कशाचे म्हणून विचारू नका. ते माझे आहे.