डोईवरची रेघ

महमूद पेंटरचा उजवा हात थरथरायला लागला, तोवर पनवेलच्या बाजारातल्या त्यांच्या निम्म्याहून जास्त पाट्या उतरलेल्याच होत्या. फ्लेक्स आला आणि दुकानदारांना हातानं काढलेलं अक्षर डोळ्यांत खुपायला लागलं. उरल्या होत्या मोरा बंदरातल्या बोटी, कारण खाऱ्या पाण्यात स्टिकर टिकत नाही. दरवर्षी नारळी पुनवेआधी महमूद मोऱ्याला जायचे आणि बोटींची नावं काढून यायचे. त्यांची एक पद्धत होती. अक्षरं काठीवर हात टेकून काढायची, आणि अक्षरांच्या डोईवरची रेघ सगळ्यात शेवटी, काठी बाजूला ठेवून, फळीवरून चालत चालत एका दमात ओढायची. ती बघायला अख्खा धक्का जमायचा आणि महमूदही थोडा भाव खायचे.

मग हात गेला. आधी चहा सांडायला लागला, मग बँकेत सही जुळेना. दोन वर्षं ते खिडकीत बसून होते. नशरा, त्यांची मुलगी, घरातच कॉम्प्युटरवर लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची. टेबलावर काळी सपाट पाटी, तिच्यावर प्लास्टिकचं पेन फिरवायचं, रेघ समोरच्या पडद्यावर उमटायची. महमूदना या प्रकाराची गंमत वाटायची. "ना रंगाचा वास, ना बोटं माखतात. ह्याला काय पेंटिंग म्हणायचं?" असं ते रोज म्हणायचे आणि रोज बघत बसायचे.

जुलैत डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या. त्याच आठवड्यात त्यांनी एकदा पेन मागून घेतलं आणि 'स' काढला. अक्षर कसलं, नुसती करवत होती. पेन खाली ठेवून ते नमाजाला उठून गेले. नशराला ते बघवलं नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, स्मूदिंग नावाची. पट्टी सरकवून आकडा वाढवला की हाताची थरथर गाळून पडद्यावर रेघ गुळगुळीत येते. तिनं आकडा नव्वदवर नेला.

"अब्बा, अजून एकदा काढून बघा ना."

अक्षर आलं. भरदार, तोलाचं, महमूद पेंटरचं. पडद्याकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. "सकीना," त्यांनी बायकोला हाक मारली, "गोळी लागू पडली." सकीनानं शेजारीपाजारी पेढे वाटले. आता सांगायचं कसं? एक दिवस हसू देत, उद्या सांगू, असं नशरानं ठरवलं. असे महिनाभर उद्या गेले.

एकदाच त्यांनी विचारलं होतं. "रेघ जरा मागून येते गं. पेन पुढे आणि ती मागे."

"कॉम्प्युटर स्लो आहे, अब्बा."

"येऊ दे. मला कुठे घाई आहे."

चूक तिची होती, पण फोन महमूदनी केला. मोऱ्याच्या आनंदा कोळ्याची आई त्या उन्हाळ्यात वारली होती आणि नव्या बोटीला तो तिचं नाव देणार होता, सोनाबाई. ते महमूदच्या कानावर आलं होतं. "दुसरा पेंटर बघू नकोस, आनंदा. हात परत आलाय माझा." आनंदाला हेच हवं होतं. "तुमची वाटच बगतंय आमी," तो म्हणाला. नशरा त्या वेळी कामाच्या मीटिंगला वाशीला गेली होती. घरी आली तेव्हा अब्बा रॉकेलमध्ये ब्रश भिजवत बसले होते.

उरणच्या एसटीत ती त्यांच्या शेजारी बसली. गव्हाण फाटा आला की सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. फाटा आला. महमूद मांडीवर बोटानं 'सोनाबाई' गिरवत होते, आणि थरथर गाडीची की हाताची, हे कळायला मार्ग नव्हता. फाटा गेला. पुढं आयुष्यभर नशरा स्वतःला याच फाट्यावरून दोष देणार होती.

बोट धक्क्यावर टेकूंवर उभी होती, निळीशार. आनंदानं फळी बांधून ठेवली होती. अक्षरं कशीबशी निभावली, काठीचा आधार होता म्हणून. 'ब' थोडा वाकला, तेव्हा महमूद हसून म्हणाले, "हात अजून तापायचाय." मग त्यांनी काठी नशराच्या हातात दिली, दम घेतला आणि रेघ सुरू केली.

तीन बोटं ती सरळ गेली असेल. मग हलली, वर चढली, खाली घसरली, आणि 'ना'च्या डोक्यावरून रंगाचा ओघळ अक्षरात उतरला. महमूद थांबले. त्यांनी ब्रशकडे पाहिलं, मग रेघेकडे, आणि मग नशराकडे.

"ऱ्हावंदे, महमूदभाय," आनंदा म्हणाला. "माजी आय तरी कवा सरल चालली? डोक्यावं म्हावऱ्याची पाटी घेऊन डुलतच जायाची."

"बोळा दे," महमूद म्हणाले. रॉकेलच्या बोळ्यानं त्यांनी स्वतःची रेघ पुसली. सोनाबाई बिनडोईची राहिली.

घरी आल्या आल्या महमूद कॉम्प्युटरच्या पाटीसमोर बसले.

"ब्रशची रेघ लगेच आली, नशरा. मागून नाही आली. कॉम्प्युटर स्लो नव्हता ना?"

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि स्मूदिंगची पट्टी दाखवली. नव्वद.

"शून्य कर."

तिनं केलं. त्यांनी एक आडवी रेघ ओढली. ती पेनाबरोबर, तिथल्या तिथे उमटली, जशी धक्क्यावर उमटली होती तशीच.

"तुम्ही हसायला लागला होतात, अब्बा," नशरा रडत म्हणाली. "दोन वर्षांनी."

"हात गेला त्याचं रडून झालं होतं माझं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "आता परत पहिल्यापासून रडायचं." पेन त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं, उसनी आणलेली वस्तू परत करावी तसं. "पुन्हा खोटं बोलायचं झालं तर तोंडानं बोल, बेटा. तोंडाचं खोटं मला ओळखता येतं. हे माझ्याच हातानं बोललीस."

पुनव झाली, बोटी गेल्या. चार दिवसांनी आनंदाचा फोन आला. महमूदना फोन धरवत नव्हता, म्हणून नशरानं स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला.

"बोट दर्यान हाय, महमूदभाय. वरच्या रेघेची जागा तशीच मोकली ठेवलीय. दुसऱ्याचा हात नाय लावू देणार मी."

महमूदनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"गोळ्या बदलल्यात डॉक्टरांनी," ते म्हणाले. "सुधारतोय. ईद झाली की येतो, जागा ठेव."

डॉक्टरकडे कुणी गेलंच नव्हतं. नशरानं समोरच्या पडद्यावरची चित्रं बंद केली आणि फोन उचलून अब्बांच्या तोंडाजवळ धरला, म्हणजे त्यांना नीट बोलता येईल.