न दिसलेले पाचवे भोक

मित्रांनो, मला पाहून लोक दोन पावले मागे सरतात, तेव्हा हसावे की रडावे तेच मला कळत नाही. मी नेमबाजीची एक जुनी रायफल आहे आणि जन्माची भित्री आहे. तुम्ही मला जितके भिता, त्याहून जास्त मी माझ्या पोटातल्या काडतुसाला भिते. काडतूस ते केवढे, करंगळीच्या दोन पेरांएवढे. पण चाप ओढल्यावर त्याच्या कडेवर माझ्यातली टाचणी आपटली की जो भडका उडतो, तो माझ्या छातीत उडतो. शिकार मी आजवर केलेली नाही. पन्नास यार्डांवरच्या कागदाला भोके पाडायची, एवढेच माझे काम.

मी कारखान्यातून आयती आलेली नाही. अमेरिकेत, मिशिगनच्या उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठी आर्विड लाहती राहतो. लोखंडाच्या खाणीत चाळीस वर्षे यंत्रे दुरुस्त करून तो निवृत्त झाला आणि घरात त्याचे हात शिवशिवू लागले. मग त्याने एका मोडक्या रायफलीचा सांगाडा आणला, नवी नळी दूरच्या एका कारागिराकडून मागवली, आणि वादळात पडलेल्या मेपलच्या खोडातून दस्ता स्वतः तासला. तळघरातल्या टेबलावर माझे तुकडे मांडून ठेवलेले असत. शिकंज्यात धरून त्याने नळी पिळली, तेव्हा आपण आता चिरडतो असेच मला वाटले. नळी लाकडाला कुठेही टेकू नये म्हणून दस्ता आणि नळी यांच्या फटीतून तो कागदाचा कपटा सरकवून बघे. कपटा अडला की पुन्हा घासकाम सुरू. असे दोन महिने चालले.

दुर्बीण बसवायला तर तीन दिवस लागले. तिच्यातली उभी रेघ जराही कललेली चालत नाही. त्यासाठी तळघराच्या त्या टोकाला खिळ्याला ओळंबा टांगला होता आणि आर्विडची बायको सेल्मा तो धरून उभी होती. सेल्माने आयुष्यभर शाळेची बस चालवली आहे, त्यामुळे तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

"दोरी हलवू नकोस गं!" आर्विड ओरडला.

"दोरी जागच्या जागी आहे. तुझंच डोकं डुलतंय. उरक लवकर, भट्टीत माझ्या पेस्ट्या करपतायत."

"काय म्हणालीस?"

"पेस्ट्या!" तिने हातवारे करून सांगितले. मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या भाजक्या करंज्या त्या, खाणकामगारांचा आवडता डबा.

खाणीतल्या यंत्रांनी आर्विडचे कान खाल्ले होते. हे फक्त सेल्माला ठाऊक होते, आणि मला. नेमबाजीच्या क्लबात तो लोकांच्या ओठांकडे बघून वेळ मारून नेई. तिथे सगळे हुकूम ओरडून देतात. ज्याला ते ऐकू येत नाहीत त्याला नेम धरू देणार नाहीत, ही त्याची भीती. कानाचे यंत्र घे म्हणून सेल्मा त्याच्या मागे लागे, आणि हा पठ्ठ्या तेही ऐकू न आल्यासारखे करी.

क्लबाच्या लांब शेडमध्ये दर शनिवारी सकाळी आम्ही जात असू. शेजारच्या टेबलावर गॉर्डी ट्रेव्हॅरो बसे. त्याची रायफल महागडी, चकचकीत, कारखान्याची. मला तो 'तळघरातली गोधडी' म्हणे. पण गोधडीने पाचही गोळ्या एकाच भोकातून घातल्या की तो टोपी काढून डोके खाजवी. तो कागद मग सेल्मा स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवी. कौतुक कुणाला आवडत नाही? मलाही आवडे. तरीही चाप ओढला जाण्याआधीच्या त्या क्षणी मी दर वेळी थिजून जाई.

आम्हा रायफलींच्या खाण्यापिण्याचे फार नखरे असतात. एकाच कारखान्याची, एकाच छापाची काडतुसे. पण त्यांतला एखादाच घाणा, म्हणजे एका वेळी बनवलेला साठा, एखादीला मानवतो. मला मानवणारा घाणा सापडल्यावर आर्विडने त्याचे डबेच्या डबे आणून ठेवले. कुठे ठेवले? सौनाच्या भिंतीमागच्या कपाटात! घामाघूम होऊन वाफ घ्यायची ती लाकडी खोली आमच्या भागात घरोघरी असते. तिच्यामागे उबदार आणि कोरडे असते, असे त्याचे मत. उबदार होते खरे. पण नऊ वर्षे दर आठवड्याला वाफ त्या फळ्यांतून झिरपत होती, हे त्याच्या गावीही नव्हते.

आणि तो शनिवार उजाडला. हिवाळी स्पर्धेची शेवटची फेरी होती. कागदावर दोन वर्तुळे, प्रत्येकावर पाच गोळ्या. पहिल्या वर्तुळात आमच्या चार गोळ्या एकाच भोकातून गेल्या. पाचव्या वेळी टाचणी आपटली, पण भडका उडालाच नाही. नुसते 'फुस्स' झाले. गोळी उठली, अर्ध्या वाटेवर आली आणि तिथेच माझ्या घशात रुतून बसली.

आर्विडने दुर्बिणीतून पाहिले. पाचवे भोक कुठेच नाही. मित्रांनो, दुसरा कोणी असता तर दचकला असता. पण या एकाच भोकाच्या वेडाने झपाटलेल्या माणसांची रीतच उलटी. नवे भोक दिसले नाही की त्यांची छाती फुगते. गोळी त्याच भोकातून गेली, झाले! आर्विडच्या गालावर हसू फुटले. ते मला दस्त्यावर जाणवले.

मी किंचाळत होते, पण मला कुठला आवाज? मला जमले ते एवढेच. त्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा माझा दांडा, मागे ओढला तेव्हा न जळलेल्या दारूचे चार कण मी टेबलावर सांडले. त्याने ते फुंकर मारून उडवले. दुसऱ्या वर्तुळासाठी नवे काडतूस आत गेले, बोल्ट बंद झाला. पुढे नळी बंद, मागे भडका. तो जाणार कुठे? मला फोडून तो मागेच येणार होता. आणि मागे आर्विडचा उजवा डोळा होता.

"थांबा!" गॉर्डी ओरडला. त्याने ती 'फुस्स' ऐकली होती. असा इशारा कोणीही द्यावा आणि ऐकताच सर्वांनी बंदुकीवरून हात उचलावेत, हा क्लबाचा नियम. सगळ्यांनी हात उचलले. आर्विडने नाही. त्याचे बोट चापाकडे सरकत होते. माझा चाप इतका हलका, की त्यावर माशी बसली तरी भीती वाटावी.

गॉर्डी त्याचा खांदा धरायला झेपावला.

"हात लावू नकोस त्याला!" मागे गुण लिहीत बसलेल्या सेल्माचा आवाज शेडभर घुमला. "दचकला तर चाप ओढेल!"

ती धावत बाजूने आली आणि हातातला गुणांचा पुठ्ठा तिने माझ्या दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर धरला. आर्विडच्या डोळ्यापुढे अंधार झाला. बोट चापावरून उठले.

"वेड लागलं का तुला? माझी शेवटची फेरी आहे!"

सेल्माने पुठ्ठा काढला नाही. तिने खुणेनेच त्याला काडतूस बाहेर काढायला लावले. मग गॉर्डीने माझ्या नळीत सळई घातली. ती अर्ध्यावर अडली. आर्विडचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला वाटलं, त्याच भोकातून गेली," तो पुटपुटला.

"अरे, पण आवाज? भिजल्या फटाक्यासारखा आवाज झाला, लेका! ऐकलास ना?" गॉर्डी म्हणाला.

"सांगून टाक आता," सेल्मा म्हणाली, "नाहीतर मी सांगते."

"मला ऐकू येत नाही, गॉर्डी. बरीच वर्षं झाली."

गॉर्डी धपकन खुर्चीत बसला. "म्हणजे इतकी वर्षं मी तुला गोधडीवरून चिडवत होतो, ते सगळं फुकट?"

"फुकट कसं? तुझं तोंड दिसायचं ना. त्यावरून कळायचं की काहीतरी वाईटच बोलतोयस."

सगळे हसले. सेल्मा मात्र हसली नाही. ती बाहेर बर्फात जाऊन एकटीच उभी राहिली.

पितळी सळईने ठोकून ती गोळी काढली. मला ओरखडाही आला नव्हता. पण आर्विडने मला पेटीत घातले आणि पुढे पाच महिने पेटी उघडली नाही. अंधारात मी गंजाच्या भीतीने दिवस काढले. ज्याचा डोळा माझ्यामुळे जाणार होता, तो मला पुन्हा हातात का घेईल, असे मनात येई. ते फार दुखे.

बर्फ वितळल्यावर पेटी उघडली. आर्विडच्या कानात यंत्र होते. त्याने मला तेल लावले, बोल्ट हळूच मागे ओढला, पुढे ढकलला. खट्. तो थबकला. त्याने पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला.

"सेल्मा, ए सेल्मा! ही अशी वाजते होय?"

"नऊ वर्षं वाजतेय," जिन्यावरून सेल्मा म्हणाली, आणि पेस्ट्या करपतील म्हणून परत वर न जाता तिथेच पायरीवर बसून ऐकत राहिली.

मित्रांनो, आम्हाला तेल लावा, गंजू देऊ नका, काडतुसे वाफेपासून दूर ठेवा. पण गोळी कुठे गेली ते दिसले नाही, तर आधी हात थांबवा आणि शेजाऱ्याला विचारा. ऐकू कमी येत असेल, दिसत कमी असेल, तर तेही सांगून टाका. त्यात कसली लाज? आर्विडला ते सांगायला नऊ वर्षे लागली. त्या नऊ वर्षांत दर शनिवारी त्याचा डोळा माझ्या दुर्बिणीपासून चार बोटांवर असे.