दुमडीत ठेवलेला बर्फ

मी बर्फ बोलतोय. म्हणजे मला बर्फ म्हणतात, म्हणून मी तसं म्हणतो. खात्री विचाराल तर ती मला नाही. माझ्या अंगात कणभरही गारवा नाही. प्लॅस्टिक, जाळीचं कापड, गोंद आणि थोडं मीठ, एवढ्यावर मी बर्फ झालो. नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात एका कपाटात मी टांगलेला असतो.

मला घडवलं दिनानाथ आजोबांनी. निवृत्त होण्याआधी ते सिनेमाच्या शूटिंगसाठी खोटं धुकं, खोटा पाऊस, खोटा बर्फ तयार करायचे. त्यांच्या नातीला, इशिताला, शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत बर्फ व्हायचं होतं. आजोबांनी कापूस काढला, तर ती रुसली.

“हा नाही, आजोबा. मच्छीवाला बर्फ पाहिजे.”

कळंबहून येणाऱ्या कोळणीच्या टोपलीत पापलेटांवर ठेचून पसरलेला असतो, तो. तेवढाच बर्फ तिने डोळे भरून पाहिला होता.

“मग वासही मच्छीचा का?” तिच्या आजीने, जयवंतीबाईंनी, विचारलं.

“वास नको. फक्त चमकायला पाहिजे.”

आजोबांनी पाण्याच्या बाटल्या कापल्या, मेणबत्तीवर धरून त्यांच्या कडा वाकवल्या. ग्लू गनमधून गरम गोंद ओघळू देऊन लांबट सुळके केले. शेवटी माझ्या खांद्यांवर खडेमीठ चिकटवायला घेतलं.

“अहो, मीठ? आपल्या या दमट हवेत?”

“शूटिंगला मी हेच वापरायचो.”

“तिथे एसी असायचा.”

आजोबांनी ऐकलं नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात माझ्या खांद्यांना पाणी सुटतं. खऱ्या बर्फाशी माझं साम्य असलंच, तर तेवढंच.

कापड आजीने शिवलं. घेराच्या आतल्या बाजूला तिने दुमडीवर दुमड घातली, तेव्हा आजोबा हसले. “बर्फाला कसली गं दुमड?”

“बर्फाला नसेल, पोरीला लागेल. वाढत्या अंगाचं शिवलंय. पुढच्या वर्षी सोडता येईल.”

स्पर्धेत इशिताला एकच वाक्य होतं. “मी बर्फ आहे, मला हात लावू नका.” ते तिने ठणकावून म्हटलं, आणि पायऱ्या उतरून धावत येऊन आजोबांना घट्ट मिठी मारली. माझे दोन सुळके तुटले. जगलो म्हणावं, तर ती एक दुपार.

पुढच्या वर्षी दुमड सोडायला ती इथे नव्हती. तिच्या बाबांना कॅनडात नोकरी लागली. बॅगा भरताना तिच्या आईने, कृतिकाने, मला अलगद बाजूला ठेवलं. “आई, तिकडे बर्फच बर्फ आहे. हा कुठे नेऊ?” बिचारीचं काही चुकलं नाही. माझ्यासारख्याने तिथे जाऊन काय दाखवायचं होतं?

तरी आजी दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर सांगायची, “भिंतीला पाठ लावून उभी राहा गं.” कृतिका टेप धरायची, आणि इकडे आजी एक दुमड उसवायची. खाली कोरी पट्टी दिसली, की आजोबा ग्लू गन तापवायला ठेवायचे. मग दोघांची जुंपायची.

“निळा रंग जास्त झाला.”

“बर्फ मी केलाय की तू?”

“मच्छी मी घेते. मला ठाऊक आहे.”

त्या दिवशी घरात बोलणं असायचं. एरवी फारसं नसतं.

या वर्षी नाताळच्या सुट्टीत ते सगळे येणार होते. “आजी, माझा आइस ड्रेस आहे ना? मी तो घालून कळंबच्या बीचवर जाणार,” इशिता फोनवर म्हणाली. आजीने शेवटची दुमड सोडली. आजोबांनी तुटलेले सुळके नव्याने केले. मला दारासमोर, आल्या आल्या दिसेन असं टांगलं.

मग फोन आला. आजोबा नुसते “बरं, बरं” म्हणत राहिले.

“काय झालं?” आजीने विचारलं.

“विमान रद्द झालंय. पुढे सुट्टी मिळत नाही, पुढच्या वर्षी बघू, असं कृतिका म्हणाली.” आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. “तिकडे बर्फ पडलाय.”

माझ्याच नावाच्या कुणीतरी तिची वाट अडवली होती. मला तोंड लपवावंसं वाटलं.

काही दिवसांनी आजीने मला उतरवलं आणि पिशवीत घालायला घेतलं. “आता आत काही उरलं नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी हा तिला आखूड होणार.”

आजोबा चप्पल घालून बाहेर पडले. मला वाटलं, रागावले. मला नेहमी तसंच वाटतं. पण ते बाजारातून जाळीचं कापड घेऊन आले.

“खाली जोड दे,” ते म्हणाले. “आणि आत दुमड ठेव. जरा मोठीच ठेव.”

बर्फाला कसली दुमड, असं आजीने उलटून विचारलं नाही. तिने सुई-दोरा ओवायला त्यांच्याकडे दिला.

इशिता, हे तुझ्यापर्यंत पोचेल की नाही, मला सांगता येत नाही. मी तुझ्याकडच्या बर्फासारखा नाही. तुला आता आवडेन की नाही, तेही ठाऊक नाही. एकच मागणं आहे. तू वाढ, पण जरा सावकाश वाढ. आम्ही इकडे दुमडीदुमडीने जमेल तेवढे लांब होतोय.