बदकाच्या डोक्यावरचं धुकं

टेबलावर अकरा पेन्सिली होत्या. चार हिरव्या, दोन निळ्या, एक जांभळी, दोन करड्या, एक काळी, एक पांढरी. सगळ्यांची टोकं खिडकीकडे, तिने रात्री ठेवली होती तशीच. म्हणजे हात लावणाऱ्याने काळजी घेतली होती... या विचाराचं तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

चित्रावरचा कागद तिने उचलला. नर बदकाच्या हिरव्या डोक्यावर पुन्हा तोच पांढुरका थर, काचेवर कुणी श्वास सोडावा तसा. मागच्या आठवड्यात तिने तो मऊ फडक्याने पुसला होता आणि खालून हिरवा रंग लख्ख वर आला होता. पुसून जाणारी गोष्ट कुणीतरी लावलेली असते. इतकी वर्षं ती शाईत काम करत आली होती. शाई एकदा वाळली की वाळली. या मेणाच्या रंगपेन्सिली पाणपक्ष्यांच्या पुस्तकासाठी म्हणून पहिल्यांदा हातात धरलेल्या.

आणि आक्का, तिची नणंद, दोन बॅगा घेऊन आली तीही त्याच सुमाराला.

"अगं, तुझ्या बदकाला मोतीबिंदू झालाय की काय!" आक्का चहा ठेवताना म्हणाली होती. वर आणि म्हणे, "मेण आहे ते. दाबून रंगवलं की वर येतंच."

चित्र झाकलेलं असताना तिला दिसलं कसं? शिवाय आक्का वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होती, आणि मुलांच्या चित्रांवर स्वतःच्या हाताने रेघ ओढायची तिला सवय — तीच सांगायची, कौतुकाने: "राहवतच नाही गं, हात जातोच." हात जातो. घर सोडून आलेल्या माणसाचा हात रिकाम्या दुपारी कुठेकुठे जात असेल... मी स्वयंपाकघरात असताना, मी बाजारात असताना, या खुर्चीत बसून, माझी पांढरी पेन्सिल...

म्हणून तिने पुरावा मांडला होता. त्याच कागदाचा तुकडा, तेच रंग, त्याच क्रमाने, तितकेच दाबून. खालच्या खणात कुलूपबंद. किल्ली पर्समध्ये, पर्स उशाशी. तुकडा स्वच्छ निघाला तर बोलायला जागा होती. नवऱ्याने सकाळी निघताना विचारलं होतं, "आक्का राहिली इथे कायमची, तर चालेल ना तुला? संध्याकाळी सांग. तिला काहीतरी सांगायला हवं." आणि ती म्हणाली होती, "बघते." बघते म्हणजे खरोखरच बघते.

कुलूप नीट उघडलं. तुकडा तिने उजेडात तिरका धरला. हिरव्यावर पांढुरकं धुकं होतं. सगळीकडे सारखं.

तिला हलकं वाटायला हवं होतं. उलट पायाखालची पायरी नसावी तसं झालं. या खणाला दुसरी किल्ली असेल का? नवऱ्याकडे? त्याने बहिणीला दिली असेल? छे... पण धुकं मेणाचंच असलं, तरी त्यावरून हात फिरला नाही हे कुठे सिद्ध होतं? चोच जरा बुटकी वाटत होती. डोळा खाली सरकल्यासारखा. काल असा नव्हता — की होता?

बाहेरचं दार वाजलं. कामावरून परतलेला नवरा खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला, बूट न काढता.

"आक्का विचारतेय, बॅगा रिकाम्या करू का म्हणून. काय सांगू?"

"एक मिनिट."

"अगं, ती तिकडे खाटेवर नुसती बसून आहे."

"एक मिनिट म्हटलं ना."

संग्रहालयातून आणलेलं पेंढा भरलेलं नर बदक तिने जवळ ओढलं. चित्र खऱ्या मापाचं होतं. खोटं लपणार नव्हतं. तिने पट्टी लावली. डोळ्याच्या कडेपासून चोचीच्या मुळापर्यंत, पक्ष्यावर सव्वीस मिलिमीटर. चित्रात सव्वीस.

नवरा अजून उभाच होता.

तिने पट्टी पालटली आणि दुसऱ्या टोकाकडून मोजलं.

सव्वीस.