डावी बाजू वर

सात्सुएने रुमालाची गाठ सोडली, आतली लाकडी डबी उघडली आणि काच कुरामोचींच्या हातात देताना बजावलं, "कडांना धरा हं. पुसायची नाही."

"अहो बाई, जन्म गेला माझा फोटोच्या दुकानात," कुरामोची म्हणाले. "तुम्ही आधी एक संत्रं सोला नि शांत बसा."

बंदरावरच्या सभागृहात महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी ही मंडळी जमत. घरातले जुने फोटो आणायचे, भिंतीवर मोठे करून पाहायचे आणि मग हा कोण, ही कुठली गल्ली, यावर यथेच्छ भांडायचं, एवढाच कार्यक्रम. आज सुरुवातीलाच कुणीतरी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या हत्तीचा फोटो आणला होता. हत्ती या गावात कधी आला, कशाला आला, परत गेला की इथेच मेला, हे एकालाही सांगता येईना. एवढं थोरलं जनावर अख्खं गाव विसरून गेलं होतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

सात्सुए मात्र गमतीसाठी आली नव्हती. पुढच्या महिन्यात तिच्या योनेआजीचं पन्नासावं श्राद्ध होतं. ते शेवटचं. त्यानंतर गेलेल्या माणसाचे वेगळे विधी होत नाहीत, त्याला नावाने बोलावत नाहीत. ते कुळातल्या सगळ्या पूर्वजांत मिसळून जातं. आई गेल्यावर सात्सुएला याच आजीने वाढवलं होतं. तिचा फोटो एकच, तोही या काचेवरचा, तिच्या लहानपणीचा. पुढे जन्मभर ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. शेवटच्या दिवशी तरी आजीचा चेहरा देव्हाऱ्यात असावा, म्हणून सात्सुए तो मोठा करून घ्यायला आली होती.

कुरामोचींनी काच प्रोजेक्टरच्या कॅमेऱ्याखाली ठेवली आणि पडदे ओढले. भिंतीवर तिघं जण उमटले. बाप, आई आणि मधे पाचेक वर्षांची मुलगी.

"ही मधली तुझी आजी?" इयोने विचारलं. इयो सात्सुएची शेजारीण, जिभेला हाड नसलेली. "तिघांच्या फोटोत मधला आधी जातो म्हणतात बाई. आमच्या सासूबाई तर फोटो निघताना हमखास कडेला सरकायच्या नि मला मधे ढकलायच्या!"

"आजी नव्वदी ओलांडून गेली," सात्सुए हसली.

"मग झालं तर. उगाच घाबरले इतकी वर्षं."

कुरामोची भिंतीजवळ गेले. "काय गुणी पोर आहे बघा. तेव्हा फोटो निघेपर्यंत दगडासारखं बसावं लागायचं. आईबाप थोडे हललेत, चेहरे पुसट झालेत त्यांचे. हिची पापणीसुद्धा मोजून घ्या."

खरंच, मुलगी अगदी स्वच्छ उमटली होती. नजर जराशी खाली. आईचा एक हात मांडीवर होता, दुसरा मुलीच्या मानेमागे गेलेला. सात्सुएने हा फोटो कितीतरी वेळा पाहिला होता, पण तळहाताएवढ्या काचेवर. इतका मोठा ती आज प्रथमच पाहत होती.

"थांबा हो," इयो एकदम म्हणाली. "यांचे किमोनो बघा आधी."

कुजबुज सुरू झाली. बापाच्या छातीवर उजवी बाजू वर होती. आईच्याही. किमोनो पुढून गुंडाळताना डावी बाजू उजवीच्या वर घ्यायची, हे इथे पोराला धड बोलता येण्याआधी शिकवतात. उजवी बाजू वर येते ती फक्त प्रेताची. कुणी चुकून तसा नेसला, तर घरातली म्हातारी माणसं हातातलं काम टाकून आधी तो सोडायला लावतात.

"मढी बसवलीत की काय?" मागून कुणीतरी म्हणालं. त्यावर कुणी हसलं नाही.

हसले ते कुरामोची. "मला ठाऊकच होतं कुणीतरी ओरडणार! अहो, ही काचेवरची जुनी पद्धत. आरशासारखं सगळं उलटं उमटतं. ज्यांना हे माहीत असायचं, ते मुद्दाम किमोनो उलटा नेसून बसायचे, म्हणजे फोटोत सुलटा दिसावा. सामुराई तर फोटोपुरत्या तलवारी उजवीकडे खोचायचे. हे दोघं बिचारे साधे दिसतात. होते तसेच येऊन बसले."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी चहा ओतायला घेतला.

"थांबा, सुलटं करूनच दाखवतो," असं म्हणून कुरामोचींनी कळ दाबली.

भिंतीवरचं चित्र फिरलं. बाप आईच्या जागी गेला, आई बापाच्या. दोघांचेही किमोनो सरळ झाले, डावी बाजू वर.

"हां, आता कशी माणसात आली!" कुणीतरी म्हणालं, आणि सभागृहात हशा पिकला.

सात्सुए हसली नाही. मघाशी मुलीच्या किमोनोकडे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण तो ठीक दिसत होता. आता तो ठीक दिसत नव्हता. तिघांत तिच्या एकटीच्या छातीवर उजवी बाजू वर आली होती.

घाईत झालं असेल, सात्सुएने मनाशी म्हटलं. पण स्वतः नीट नेसलेली आई लेकीला चुकीचं कशी नेसवेल? मुलीच्या मानेमागचा तो हात तिला बघवेना.

शेजारी इयोचं तोंड संत्र्याची फोड खाता खाता थांबलं होतं. तिने हळूच सात्सुएच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सात्सुए, अगं ही पोर तर..."

"हो."

"मग आजी कोण गं?"

सात्सुएला आजी आठवली. लहानपणी एकदा तिने ही काच बघता बघता विचारलं होतं, आजी, ही तू ना? आजी म्हणाली होती, ही योने. मग तू? मीही योनेच, असं म्हणून आजीने तिला जवळ घेतलं होतं आणि डबी मिटली होती. त्या वेळी सात्सुएला तो खेळ वाटला होता. आता कळत होतं, कुणाची तरी पोर या घरात आणली होती, रिकाम्या जागी बसवली होती, आणि तिने मेलेल्या मुलीचं नाव नव्वदी उलटेपर्यंत सांभाळलं होतं. त्याआधी तिला कुणी कोणत्या नावाने हाक मारत असेल? सात्सुएला रडू आलं. आजीला नावाने बोलवायचा एकच दिवस उरला होता, आणि ते नाव तिला ठाऊक नव्हतं.

"तर मग बाई, असाच सुलटा मोठा करून देतो," कुरामोची म्हणाले.

"नको. उलटाच द्या. काचेवर आहे तसा."

"अहो, पण आईबाप मढ्यासारखे दिसतील. देव्हाऱ्यात बरं दिसेल का ते?"

"दिसू द्या. पोर तरी जिवंत दिसेल."

कुरामोचींना काही कळलं नाही, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी कळ दाबून चित्र पुन्हा फिरवलं.

"बरं, खाली नाव घालायचं ना? योने?"

"घाला," सात्सुए म्हणाली. "तिचंच आहे ते."