चक्क्यासाठी टांगलेला अंतरपाट

मी अंतरपाट बोलतोय. फडकं नव्हे. फुलसावंगीच्या या स्वयंपाकघरात मला नळाच्या तोटीला गाठ मारून टांगतात, माझ्या पोटात दही असतं आणि बुडातून पाणी गळत असतं, हे सगळं खरं आहे. तरीही मी अंतरपाटच. हसायचं तर हसा. माणसांच्या हसण्याची मी कधी फिकीर केली नाही.

मी इथल्याच कापसाचा. इथे पिकलो, गाठी बांधून दूरच्या गिरणीत गेलो आणि मांजरपाट होऊन महागावच्या दुकानात परत आलो. स्वतःच्या गावचा कापूस मीटरवर मोजून विकत घेणारी ही माणसं! त्यांच्याकडून मी अकलेची आशा तेव्हाच सोडली.

चाळीस वर्षांपूर्वी माझ्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि दोघांनी मला दोन टोकांना धरलं. एका बाजूला पुंडलिकराव, दुसऱ्या बाजूला इंदुताई. मंगलाष्टकं म्हणणाऱ्याचा आवाज इतका भयंकर होता, की तो दिवस मी आजही विसरलेलो नाही. माझ्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. माझ्या खालून दिसत होती ती फक्त पावलं. सगळ्या बायका म्हणाल्या, नवरी लाजून खाली बघते आहे. कसली लाज! ती नवरदेवाचा पाय बघत होती. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा घाबरून पाटावर सारखा घासत होता. मग मला बाजूला ओढलं, तांदूळ उधळले आणि वऱ्हाड पंगतीकडे पळालं. माझी नीट घडी घालायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

पुढे अमर जन्मला आणि मला मधोमध फाडून माझ्या एका अर्ध्याची लंगोटं केली. त्या अर्ध्याबद्दल मला काही विचारू नका. उरलेला मी चक्क्याच्या कामाला लागलो. सणावाराला श्रीखंड असायचं, तेवढा तरी मान होता.

आता अमर बायको-मुलीसह यवतमाळला असतो. घरात ही दोघंच. गेल्या वर्षी पुंडलिकरावांच्या रक्तात साखर निघाली आणि यंदा त्याच उजव्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली. ती भरेना. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. तेलकट बंद करा, ताटात अर्ध्याला अर्धी कच्ची भाजी घ्या. पुंडलिकरावांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी लंगडत स्टँडवर जाऊन भजी खाल्ली. इंदुताईंनी पुढच्या खेपेला हे सगळं डॉक्टरांसमोर सांगून टाकलं. झालं! म्हातारबांनी बायकोशी बोलणं बंद केलं. मग तिनंही केलं. साठी उलटलेली ही माणसं! भाकरी वाढायची, खायची, काकडी बाजूला सारायची, सगळं मुक्यानं. असे एकोणीस दिवस मी तोटीवरून बघितले.

मधेच अपेक्षा सुट्टीला आली. अमरची मुलगी, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आठ दिवस ती दोघांच्या मधे निरोप पोचवत होती. मी एकदाच मधे उभा राहिलो होतो, तेव्हा मला कुंकू लावलं होतं. या पोरीला कुणी साधा चहासुद्धा विचारला नाही.

"तुया आजीले सांग, डॉक्टरले सांगाचं अजून काही राह्यलं असन तं सांगून ये म्हना."

"तुया आबाले सांग, अंगठा गेला तं चप्पल कायच्या भरोशावर घालतीन ते."

शेवटी पोरगी म्हणाली, "आबा, मी तुम्हाला सॅलडवर घालायला क्रीमी ड्रेसिंग करून देते. घरच्या घरी."

"मी काय बैल आहो? पाल्यावर काहीबी टाकलं तरी पालाच राह्यते."

तिनं रात्रभर दही माझ्यात टांगलं. सकाळी घट्ट चक्का निघाला. मोहरी खलबत्त्यात पाणी घालून फेसली, नाकात झिणझिण्या येईपर्यंत. लसणाची पाकळी, मिरेपूड, लिंबू, तिळाचं कूट, मीठ घातलं आणि चमचाभर दुधानं सगळं सैल केलं. कबूल करतो, काम नीटनेटकं होतं. ती आंघोळीला गेली तेव्हा पुंडलिकराव लंगडत आत आले. इकडेतिकडे बघून त्यांनी वाटीत बोट बुडवलं, चाटलं, परत बुडवलं आणि गुपचूप बाहेर जाऊन बसले. चोर कुठला!

मग इंदुताई आल्या. त्यांनी वाटीकडे असं बघितलं, जसं कुणी बिनाकपड्याचं लेकरू बघावं. "थंडगार, बिनाफोडणीचं? मानसाले कोनी देते हे?" त्यांनी ते सगळं पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं आणि वरून जिरं, हिंग, लाल मिरचीची फोडणी दिली. चर्र झालं, घरभर वास सुटला आणि ड्रेसिंग फाटलं. खाली पाणी, वर तेल, मधे दह्याच्या गुठळ्या. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला चक्का उकळू नये एवढं कळू नये?

अपेक्षा रडली. दुपारच्या बसनं जाताना म्हणाली, "आजी, आबाच्या अंगठ्यापेक्षा तुझी फोडणी मोठी आहे का?"

इंदुताईंनी पातेलं घासायला घेतलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला परत टांगलं. मोहरी फेसली, काकडी, मुळा, गाजर चिरलं. दुपार झाली तरी दही ओलंच होतं. तिकडे पुंडलिकराव इन्शुलिनची सुई टोचून घेऊन बसलेले, आणि सुई घेतली की अर्ध्या तासात खावंच लागतं. ताट काही येईना.

इंदुताईंनी माझं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं पिळायला लागल्या. गाठ सुटली. परत बांधली, परत सुटली. पुंडलिकराव खुर्चीतून बघत होते. मग उठले, लंगडत आले आणि गजाकडचं टोक हातात धरलं.

आता ऐका यांची हुशारी. पिळायचं म्हणजे दोघांनी एकमेकांच्या उलट फिरवायला हवं. ही एकीकडे फिरवते, तोही तिकडेच फिरवतो. मी जागच्या जागी गरगर फिरतोय, पाण्याचा थेंब गळत नाही. बोलायचं कुणी? घड्याळ पुढे चाललंय आणि दोघं दात आवळून मला फिरवताहेत.

"अवं, थांब ना! मी फिरवतो, तू धरून राह्य," शेवटी पुंडलिकराव ओरडले.

"तुमीच थांबा. काल बोटं चाटतानी लाज नाही वाटली?"

"तुले कोनं सांगतलं?"

"वाटीत तुमच्या बोटाचा खड्डा होता."

त्यांनी टोकाचा हाताभोवती वेढा घेतला. मग त्यांनी पीळ दिला, तिनं घट्ट धरलं. पाणी धो धो सुटलं. आणि मी फाटलो, टर्रकन, मधोमध. चक्का खाली परातीत पडला. दोघांच्या हातात एकेक चिंधी आणि समोर एकमेकांची तोंडं.

पुंडलिकराव हसायला लागले. इंदुताई हसल्या नाहीत. त्यांनी खाली, पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं.

"लग्नात तुमचं तोंड दिसाच्या आंधी मले हा अंगठाच दिसला होता," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी सांगतलं डॉक्टरले. तुमची फजिती कराले नाही."

म्हातारा परातीपाशी खाली बसला. सांडलेला चक्का बोटानं गोळा करू लागला. मग म्हणाला, "वाढ तं मंग. फोडणी नको देऊ."

त्या दिवशी काकडीचा एक काप ताटात उरला नाही. महिन्याभरात साखर थोडी उतरली आहे. जखम सुकते आहे आणि अंगठा सध्या तरी जागेवर आहे.

माझं म्हणाल तर एका तुकड्यानं ओटा पुसतात. दुसरा तुकडा मी, तोटीला टांगलेला, वाटीभर दह्यापुरता. माझी एवढीच विनंती आहे, की पुन्हा भांडाल तेव्हा मधे धरायला नवं कापड आणा. माझ्यात आता ताण सोसायची ताकद नाही. मी एका मुठीत पिळून होतो, दुसऱ्या माणसाची गरजच लागत नाही. तरी रोज सकाळी पुंडलिकराव लंगडत येतात, विचारतात, "पीळ देऊ काय वं?" आणि ही बाई, मूर्ख कुठली, माझं एक टोक त्यांच्या हातात देते.