शक्यतो

मसुद्याचं हे सहावं वर्ष. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी त्याची गत झाली होती. किरणोत्सर्गापासून माणसांना जपायचे नियम सुचवणारी ती आंतरराष्ट्रीय समिती. एकवीस देशांचे एकवीस तज्ज्ञ. आणि दोन दिवस घोडं अडलं होतं एका वाक्यावर: ‘गरोदर कर्मचाऱ्याला शक्यतो किरणांपासून दूरचं काम द्यावं.’

‘शक्यतो’ काढा, म्हणून एकटाच म्हातारा भौतिकतज्ज्ञ हटून बसला होता. आकड्यांच्या काटेकोरपणामुळे सगळे त्याला दशांश म्हणत.

“या शब्दाआड कुठलंही हॉस्पिटल लपेल,” दशांश पुन्हा म्हणाला. त्याचा घसा बसला होता. अध्यक्षबाईंनी डोळे चोळले आणि जेवणाची सुट्टी दिली.

जिन्याजवळ उभं राहून त्याने भाचीला फोन लावला. एका छोट्या हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची. सगळा विभाग म्हणजे ती एकटी. पाचवा महिना चालू होता.

“तुझ्यासाठीच भांडतोय गं.”

“नको भांडूस, मामा.”

“म्हणजे?”

“इथे दुसरं काम आहेच कुठे? तो शब्द गेला की साहेब मला बिनपगारी घरी बसवतील. परत घेतीलच, असं कुणी सांगावं? मी भिंतीआड उभी राहते, किरण मोजणारा बॅज लावते. महिन्याचा आकडा अगदी कमी येतो.”

“आणि हलणाऱ्या पेशंटला किरणांसमोर धरून ठेवायला कुणी नसलं तर?”

“आया धरते. बहुतेक वेळा.”

जेवण त्याला गेलंच नाही. दुपारी तो उठला. “शब्द राहू द्या. पण पुढे जोडा, काम बदललं म्हणून तिची नोकरी जाऊ नये.”

“पटतंय हो,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “पण आपण डोस ठरवतो, नोकऱ्या नाही. फार तर तळटीप देऊ.”

“तळटीप कोण वाचतं?”

“तुम्ही वाचता.”

लोक हसले. दशांशही हसला, आणि त्याने हरकत मागे घेतली. कुणीतरी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. का बदललात, असं मात्र कुणी विचारलं नाही.

कागद आवरता आवरता त्याने भाचीला निरोप पाठवला: ‘आया नसेल तर थांब. एकटीने पेशंटला धरायचं नाही.’

लगेच उत्तर आलं: ‘बरं.’

हे ‘बरं’ त्याच्या ओळखीचं होतं. तिची आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, जन्मभर असंच ‘बरं’ म्हणे आणि करायचं तेच करी.